आठ-नऊचा धागा

माझ्यामुळे एका माणसाचं काम गेलं. आजवर हे कुणाला सांगितलं नाही, कारण मी भित्री आहे.

नेरूळच्या एका दुकानात मी कॉम्प्युटर जोडायला लागले तेव्हा विशीची असेन. वडील साताऱ्याचे, मार्केटात गोणी उचलायचे. येईल-जाईल त्याला सांगायचे, "आमची पोरगी कॉम्प्युटर बनवते." बनवते कसलं डोंबल, स्क्रू पिळायची. जे काही आलं ते काकांनी शिकवलं. काका उरणकडचे, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, दुकानातले सगळ्यात जुने कारागीर.

पॉवर सप्लायच्या डब्यातून वायरींचे झुपके निघायचे. हार्डडिस्कचा चार भोकांचा पांढरा प्लग कुणीही बनवलेला असो, सगळे त्याला परदेशातल्या एका जुन्या कंपनीच्याच नावानं ओळखायचे. मदरबोर्डला मात्र दोन प्लग लागायचे, शेजारी शेजारी. त्यांच्यावर छापलेलं असायचं पी-आठ आणि पी-नऊ. डिस्कच्या प्लगांवर दहा, अकरा.

"मंग एक ते सात कुठं गेलं?" काका विचारायचे. "नाव ठेवणाऱ्यानं आमाला सांगाया पायजे."

आठ आणि नऊ दिसायला जुळे. अदलाबदल केली तरी गुपचूप बसायचे, आणि बटण दाबलं की बोर्ड खलास. नियम एकच, दोघांच्या काळ्या वायरी मधे, एकमेकींना लागून. "काला काल्याच्या बाजूला, बास." नवा सप्लाय आला की काका तो दाराशी उजेडात न्यायचे, दोन्ही प्लग बरोबर क्रमानं शेजारी धरून दोऱ्यानं एकत्र बांधायचे. मग आतल्या अंधाऱ्या टेबलावर बोटांनी चाचपून जोडी बसवायचे. मला वाटायचं, सवय असेल. पण बोर्डावरचं बारीक अक्षर ते रोज माझ्याकडून वाचून घ्यायचे. "चष्मा घरी राह्यला गं." रोज कसा राहील? मला कळलं होतं. दुकानाच्या मालकांना, शेठनाही, संशय होताच.

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा असायची. पकडी, सोल्डरिंग आयर्न, सगळं पुसून मांडलं. फळीवरच्या सप्लायांचे दोरे मळून काळे झाले होते. मी हौशी. सगळे कापले आणि नवे लाल दोरे बांधले, वर कुंकवाचं बोट. काका तेव्हा फुलं आणायला गेले होते. एका जोडीत मी नऊ डावीकडे घेतला, आठ उजवीकडे. काळ्या वायरी दोन टोकांना गेल्या. मी पाहिलंच नाही. गाठ तेवढी छान बसली होती.

दसऱ्यानंतरचं पहिलंच मशीन. गिऱ्हाईक समोर बसलेलं. काकांनी हात घातला, दोरा लागला, जोडी बसवली, बटण दाबलं. चट् आवाज आला आणि जळका वास सुटला.

काकांनी प्लग उपसले आणि दोऱ्यावरून अंगठा फिरवला. त्यांचा दोरा पांढरा, सुती असायचा. हा रेशमी होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात एकच, बाबांना काय सांगू?

"काका, दिसत नाही ना तुम्हाला?" शेठ म्हणाले. "खरं सांगा."

दोन वर्षं लपवलेली गोष्ट. काकांनी दोरा तोडला आणि खिशात घातला.

"व्हय शेठ. नाय दिसत."

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. मी उरणला जाईन जाईन म्हणत राहिले आणि गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते? लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा जास्त सुटल्याचा आनंद वाटायचा. तो आनंद मला अजून खातो.

काही वर्षांत नव्या तऱ्हेचे सप्लाय आले. आठ नाही, नऊ नाही, वीस भोकांचा एकच रुंद प्लग, एका बाजूला खटका. उलटा बसतच नाही. शेठनी तो दोनदा लावून पाहिला आणि खूश होऊन मला म्हणाले, "बघ, आता आंधळासुद्धा लावेल."

मी मान हलवली आणि पुढच्या मशीनचं कॅबिनेट उघडायला घेतलं.