हरकत नसलेलं दार

ड्युसेलडॉर्फच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत. युरोपीय देशांची संयुक्त परराष्ट्र निवेदनं तयार करण्यात त्यांची नोकरी सरली होती. ते मला समजावत, "मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा, मुदत द्यायची. एकानं नाही म्हटलं तर रद्द. सगळे गप्प राहिले तर संमती."

इमारतीचे निर्णयही ते तसेच घेत. जिन्यात कागद लावत आणि मुदत संपताना लोकरी सपाता घालून, चाहूल न लागू देता, प्रत्येक दाराशी कान देऊन थांबत.

एकदा कागदावर होतं: वरच्या सीरियन कुटुंबाचा भाडेकरार वाढवू नये, असं घरमालकाला सगळ्यांतर्फे कळवावं. हरकत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

"अहो, जा ना खाली. तुमचं एकट्याचं 'नाही' पुरे आहे," बायको म्हणाली.

"दुसरं कुणी बोलेल गं."

शुक्रवारी बाराला आमच्या दाराखालच्या फटीत त्या गृहस्थांची सावली येऊन थांबली. आत मी श्वास रोखून उभा होतो. वर त्या कुटुंबातली मुलगी दोरीवरच्या उड्या मोजत होती. मग दाराला ओठ लावल्यासारखा त्यांचा मऊ आवाज आला, "बरं तर, आभारी आहे."