ओसरीवरचं माप

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या सरांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच. सांगायची वेळ आली नाही असं नाही — पुष्कळदा आली, समोर खुर्ची ओढून बसली, आणि मी तिला चहा पाजून वाटेला लावलं. आता मी थकले आहे. झोपून उठलं तरी जात नाही असा हा थकवा आहे. म्हणून तुम्हाला सांगते.

मी दातांची डॉक्टर. मंगरूळपीरला बाजाराच्या रस्त्यावर माझा छोटा दवाखाना आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी दुसऱ्यांचे कोरून भरते. लोक मला चांगली डॉक्टर म्हणतात. हाताला हलकी आहे, म्हणतात. हे ऐकलं की पूर्वी बरं वाटायचं.

पण हा दवाखाना टाकण्याआधी मी एका अभ्यासावर काम करत होते, आणि गोष्ट तिथली आहे.

आमच्याकडे खर्रा किती खातात हे इथल्या माणसाला सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा. पुरुष पारावर खातात, बाया निंदायला गेल्या की बांधावर खातात — घरच्यांपासून लपवून. वर्षं गेली की गाल आतून आखडत जातो. आधी साधं जेवणही तिखट लागायला लागतं. मग तोंडात तीन बोटं जायची तिथे दोन जातात, मग एक. भाकर मोडून घालता येत नाही, वरणात कुस्करून चाटावी लागते. आणि काहींच्या गालात पुढे त्याहून वाईट काही उगवतं. त्याचं नाव मी अजूनही पेशंटसमोर हळू आवाजातच घेते.

शहरातल्या एका कॉलेजातले सर यावर संशोधन करत होते. एक गोळी, आणि तिच्या जोडीला व्यायाम — आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये सारायच्या, रोज, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. एवढ्याने तोंड उघडतं का? उघडत असेल तर गावातल्या गावात इलाज होईल, गरिबाला अकोल्या-नागपूरच्या वाऱ्या नकोत. प्रश्न चांगला होता. सरही चांगले होते, हे मुद्दाम सांगते. यात जे वाईट आहे ते माझं आहे.

माझं काम मापायचं. वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत पट्टी धरायची. आधी किती, काही महिन्यांनी किती. ज्यांचं तोंड ठरलेल्या मापापेक्षा कमी उघडतं तेच अभ्यासात घ्यायचे. पुरुष भराभर मिळाले. बाया मिळेनात. सर फोनवर रागवत नसत, नुसते म्हणत, “बघा, प्रयत्न करा.” मला त्यांच्याकडे पुढे शिकायचं होतं. शोधनिबंधात माझंही नाव येणार होतं. तेव्हा मी तरुण होते — पण हे वाक्य मी खोडते. तरुण होते म्हणून काय?

धनजच्या पलीकडचं एक गाव होतं. नाव सांगत नाही, गावाचा काही दोष नाही. तिथले जुने सरपंच, सगळे त्यांना आबाजी म्हणत, त्यांनी तपासणीला आपली ओसरी दिली. सतरंजी घातली, माठ भरून ठेवला, चहाची किटली आतून येत राहिली. आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले. पाहुणचार म्हणून बसले. डॉक्टरीण बाई एकटी, तिला काही लागलं-सवरलं तर.

आता तुम्ही या भागातले असाल तर तुमच्या आधीच लक्षात आलं असेल.

आबाजी साऱ्या गावाचे सासरे. त्यांच्यासमोरून जाताना बाया पदर कपाळाच्या खाली ओढतात, चपला हातात घेतात. त्या बायांना मी त्यांच्यापुढे बसवून म्हणत होते, आ करा. त्या करत होत्या. पदराच्या आत, चिमणीएवढा. आणि वर प्रत्येकीच्या गालात नुकत्याच थुंकलेल्या खर्र्याचे कण, ते सासऱ्याला दिसू नयेत ही धडपड. मी पट्टी धरत होते. माप कमी येत होतं. सगळ्यांचंच कमी येत होतं.

मला कळलं नव्हतं? मी स्वतः इथली सून आहे. माझे सासरे जेवायला बसले की मी आजही त्यांच्याकडे पाठ करून घास घेते. पहिल्याच बाईच्या वेळी मला कळलं. एक वाक्य पुरलं असतं — आबाजी, जरा तिकडं लिंबाखाली बसता का? ते लगेच उठले असते, वाईटही वाटून घेतलं नसतं. मी ते वाक्य तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. कारण माप कमी येणं मला हवं होतं. दिवस कलायच्या आत मला हव्या तितक्या बाया मिळाल्या.

त्या ओसरीवर पुरतं तोंड उघडलेली एकच बाई होती. वनिता. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहारापाशी राहायची, मजुरीला जायची. तिने पदर मागे टाकला, आबाजींकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि जीव लावून आ केला. मान ताणली, डोळ्यांत पाणी आलं. दीड बोट. तिला खरंच तेवढंच उघडता येत होतं. ती दुखणं दाखवायला आली होती, बाकीच्या बाया आबाजींचा शब्द मोडायचा नाही म्हणून आल्या होत्या.

गोळ्या वाटल्या. काड्यांचे जुडगे वाटले. काही महिने गेले.

शेवटच्या मापाच्या वेळी आबाजींच्या ओसरीवर सोयाबीनची पोती रचलेली होती. मग आम्ही अंगणवाडीत बसलो. आत फक्त बाया आणि भिंतीवरचे फळांचे तक्ते. पुरुष एक नाही. बाया हसत होत्या, एकमेकींना ढोसत होत्या. पहिली बसली — रुखमा, जिभेची तिखट — आणि तिने असा जबडा उघडला की मला पडजीभ दिसली. मी पट्टी काढून पुन्हा धरली. तीच म्हणाली, “तवा म्हातारा समोर बसून होता ना मॅडम. त्याच्यासमोर कोणती सून तोंड वासन?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसत हसत माप लिहिलं.

बघा, मला शोधायला लागलंच नाही. सत्य माझ्यापुढे बसून, तोंड वासून, मराठीत बोलत होतं. गोळीचा त्यात काही संबंध नव्हता. फरक एवढाच पडला होता की खुर्चीवर आबाजी नव्हते.

मग वनिता आली. तेच दीड बोट. कदाचित किंचित कमीच. तिने नंतरच्या सगळ्यांची तोंडं पाहिली होती, हसणं ऐकलं होतं, पण रुखमाचं बोलणं झालं तेव्हा ती बाहेर रांगेत होती. तिने मला विचारलं, “साऱ्यायचं उघडलं मॅडम, माह्यंच काहून नाही? मी तं रोजच करतो.”

आता सांगते. इतका वेळ ज्याच्याभोवती फिरते आहे ते हे.

मला खरं उत्तर माहीत होतं. वनिताबाई, कुणाचंच उघडलेलं नाही. त्यांची उघडीच होती. या सगळ्यांत मी खरं माप फक्त तुमचं घेतलं आहे, आणि ते सांगतंय की गोळीने तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही अकोल्याला जा, मोठ्या दवाखान्यात, लगेच. असं म्हणायला हवं होतं. नियमही तोच होता — फरक नाही पडला तर पुढे पाठवायचं. पण तिला खरं सांगायचं तर आधी ओसरीची गोष्ट सांगावी लागली असती. मग सगळी मापं खोटी, पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हणाले, “नेमानं करत नसाल तुमी.”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपलं काय चुकलं ते आठवत असल्यासारखं. मग मान हलवली आणि म्हणाली, आता नेमानं करतो. मी तिला गोळ्यांची आणखी पाकिटं दिली आणि काड्यांचा नवा जुडगा दिला.

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन. पुरुषांमध्ये फारसा फरक नाही, बायांमध्ये इतका कसा, असं त्यांनी विचारलं. बघा, त्यांनी विचारलं होतं. हुशार माणूस, त्यांना खटकलं होतं. दार त्यांनीच उघडून धरलं होतं, मला फक्त आत जायचं होतं. मी म्हणाले, “बाया व्यायाम नेमानं करतात, सर.” शब्दही नवा शोधला नाही. वनिताच्या तोंडावर मारलेला तोच उचलून सरांना दिला. त्यांना तो आवडला. निबंधात तसं वाक्य आलं. त्यांनी ते एका सभेत वाचून दाखवलं तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते, आणि लोक आमच्या बायांचं कौतुक म्हणून टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे शिकायला मी गेले नाही. नकोसं झालं, असं मी घरी सांगितलं. ते मात्र खरं होतं. लग्नातले दागिने मोडून दवाखाना टाकला. आणि विसरले. हो — विसरले होते, खोटं कशाला बोलू? माणूस विसरतो. माझा मुलगा शाळेत जायला लागला, सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागले, दिवस भरलेले होते.

मग एका दुपारी वनिता दवाखान्यात आली. कामरगावहून जीप बदलून आली होती. मी ओळखलं नाही, गाल आत गेले होते. तिने पिशवीतून काड्यांचा जुडगा काढला, तेव्हा ओळखलं. दाढांमध्ये आता एकसुद्धा काडी जात नव्हती. करंगळीचं टोक आत जाईना. बाहेरून गालाला हात लावला तर दगड, आणि तो वास — तो वास आमच्या धंद्यातल्या माणसाला चुकत नाही. ती दात न उघडता बोलत होती, कान देऊन ऐकावं लागत होतं. ती मला समजावत होती. “मी तं लय केलं मॅडम. पन माह्यंच कुठंतरी चुकलं असन.”

मी काय म्हणाले? मी म्हणाले, नागपूरला जा. चिठ्ठी लिहून दिली, ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला, तिच्याकडून फी घेतली नाही. फी घेतली नाही — हे मला तेव्हा काहीतरी केल्यासारखं वाटलं, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. तिचं चुकलं नव्हतं हे चार शब्दांत सांगता आलं असतं. तिला ऐकू येत होतं. तोंड तिचं बंद झालं होतं, कान नव्हे.

नागपूरला तिचा अर्धा जबडा काढला. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

यंदा तुरीच्या शेंगा भरल्या होत्या तेव्हा तिचा नवरा आला. मला वाटलं, आता हा बोलेल. मी बोलू दिलं असतं, खरंच. तो बाकावर टेकला, पाणी प्याला, आणि एका जुन्या फडक्यात बांधलेला जुडगा माझ्या टेबलावर ठेवला.

“दवाखान्याचं सामान हाय, म्हणून आणून देलं,” तो म्हणाला. मग उठता उठता, “तुमी तिले सांगतलं होतं मॅडम, नेमानं कर म्हणून. तिनं ऐकलं असतं तं वाचली असती.”

मी मान हलवली. होकारार्थी.

तो नमस्कार करून गेला. मी फडकं सोडलं. काड्या काळवंडल्या होत्या. टोकं चावून फुलली होती, आणि दोन्ही बाजूंनी दाढांचे खड्डे पडून काही काड्या मधोमध नखाएवढ्या पातळ झाल्या होत्या. लाकूड एका दिवसात असं होत नाही. वर्षानुवर्षं रोज, रोज दाबल्याशिवाय होत नाही.

खिडकीतून रस्त्यापलीकडे जीप दिसत होती. ती अजून भरायची होती, आणि तो तिच्या सावलीत उभा होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं, आणि तोंड उघडायला सांगितलं.