भाऊंच्या गोठ्यातली अमेरिकन गाडी

आमच्या बैठकीत नवा माणूस आला की विचारतोच, "त्या गाडीचं काय झालं होतं हो?" झालं! चहा थंड होतो. एक किस्सा सांगावा तर दुसरा आपणहून मागं येऊन उभा राहतो, अन् तिसऱ्यावर आमचीच भांडणं लागतात. कारण नेमकं काय घडलं हे आम्हा चौघांपैकी एकालाही कळलेलं नाही. मला तर आजही कळलेलं नाही.

चौघं म्हणजे विनायकभाऊ, आर्वीत पाइप अन् पाण्याच्या मोटारींचं दुकान, गाडी त्यांची. गजू, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. रफीकभाई, शेतातल्या डिझेल इंजिनांचे डॉक्टर. आणि मी, बाजार समितीतला कारकून. माझं काम टॉर्च धरायचं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भाऊ लहान असताना कापसाच्या जिनिंगच्या शेटजींकडं एक लांबलचक, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी होती. ती रस्त्यानं निघाली की घरातली भांडी वाजायची म्हणे. भाऊ तिच्यामागं पळायचे. शेटजी गेले, पोरं परदेशात गेली, आणि गाडी सरकीच्या गोदामात पडून राहिली. भाऊंनी चांगली चालती ट्रॉली देऊन ते धूड घेतलं!

घरी वहिनी काय म्हणाल्या ते छापण्यासारखं नाही. गाडी ठेवायला एकच जागा होती, गोठा. गाय निघाली अंगणात.

"गाय उन्हात अन् डबडं सावलीत!" वहिनींनी तिथंच निकाल दिला. "दसऱ्यापर्यंत हे आपल्या दमावर फाटकाबाहेर गेलं तर ठीक. नाई तर दसऱ्यालेच भंगारवाला बलावतो मी."

भाऊ मान डोलावत "हाव" म्हणाले. त्या माणसाचा चेहरा मी पाहिला होता. गाडी भंगारात गेली असती तर भाऊही अर्धे तिच्यासोबत गेले असते, एवढं मला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

*

गोदामातून गाडी ट्रॅक्टरनं ओढून आणली. भाऊ स्टेअरिंगवर, शेजारी मी. चौकात हवालदारानं थांबवलं अन् सरळ माझ्या खिडकीशी आला.

"लायसन."

"मी नाई चालवून राह्यलो साहेब. माह्याकडं स्टेअरिंगच नाई."

त्यानं आत वाकून पाहिलं. खरंच नव्हतं. "स्टेअरिंग नाई अन् गाडी रोडवर आणली?"

पलीकडून भाऊ म्हणाले, "साहेब, स्टेअरिंग इकडं आहे. डाव्या हाताची गाडी आहे हे."

"तुमी गप बसा हो! मी ड्रायव्हरशी बोलून राह्यलो ना?"

शेवटी मी ड्रायव्हर नसल्याची माफी मागितली, तेव्हा सुटलो.

*

रफीकभाईंनी बॉनेट उघडलं. जन्म सगळा एका सिलिंडरच्या इंजिनावर गेलेला. त्यांनी मोजलं. दुसऱ्या बाजूनं जाऊन परत मोजलं.

"भाऊ, एका सिलिंडरवर पाच एकर भिजते. हे आठ कायले पाह्यजे?"

"ताकद, रफीकभाई!"

"हाव, पण जायचं कुठं आहे?"

भाऊ फडक्यानं बॉनेट पुसायला लागले. संध्याकाळी रफीकभाईंनी तोडगा आणला, "ऐसा करते हैं, सात बंद करून टाकू. एकच नीट चालवू."

हा विचार चक्क दोन दिवस चालला! मीही हो म्हणालो होतो.

*

मग क्लच सापडेना. गजू गाडीखाली शिरला तो तासाभरानं काळाठिक्कर होऊन बाहेर आला. "भाऊ, क्लच चोरीले गेला."

पायाशी पाहावं तर दोनच पेडल. गिअरचा दांडाही नाही. दोन सीटांच्या मधोमध एक दांडा होता, पण त्यावरची इंग्रजी अक्षरं घासून गेलेली. गजूनं एकदा हलवून निकाल दिला, "हा हँडब्रेक होय." तेव्हापासून आम्ही गाडीजवळ गेलो की आधी तो दांडा मागं ओढायचो, पार शेवटपर्यंत. न जाणो, गाय दबायची!

क्लच आणि गिअर शोधायला आम्ही पुन्हा गोदामात गेलो. सरकीत कोपरापर्यंत हात घालून अख्खा रविवार काढला. सापडली एक जुनी चप्पल. चौकीदार म्हणाला, "बाप्पा, क्लच कोन चोरीन? निस्ता क्लच नेऊन करीन काय तो?" प्रश्न बरोबर होता, पण गजू चिडला.

शेवटी गजूनं जुन्या जीपचं पेडल आणून डाव्या पायाशी बसवलं. खाली नुसती स्प्रिंग, बाकी काही नाही.

"जोडलं कशाले?" मी विचारलं.

"कशालेच नाई. पण पायाले काम पाह्यजे ना! रिकामा पाय राह्यला की डोकं चालत नाई."

भाऊंनी बसून दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आता गाडीवानी वाटते!"

*

सगळ्यात मोठी मारामारी प्लगच्या वायरींची. आठ वायरी, कोणती कुठं? गजू एक नंबर पुढून धरायचा, रफीकभाई मागून. एकजण सकाळी लावून जायचा, दुसरा दुपारी येऊन काढायचा. भाऊंनी डोकं लावलं. आकडेच बंद! वायरींना घरच्या माणसांची नावं दिली. मोठे काका, लहाने काका, मामा, आत्या, असे आठजण.

कामाला खरंच वेग आला. एक दिवस गजू बॉनेटमध्ये डोकं घालून मोठ्यानं ओरडला, "भाऊ, आत्या पार काळी पडली! काढून घासा तिले!"

"घासून फायदा नाई," रफीकभाई म्हणाले. "आत्या खतम आहे. फेकून नवी आणा."

भाऊंची खरी आत्या त्याच सकाळी धामणगावहून आली होती आणि ओसरीवर चहा पीत होती. कप तसाच ठेवून तिनं पिशवी उचलली. भाऊ पार स्टँडपर्यंत समजावत गेले. ती एकच म्हणत होती, "नवी आण बाबा, नवी आण!"

*

दसरा जवळ आला तरी गाडीचा स्टार्टर मुका. बाहेर काढून बॅटरी लावली की भिंगरीसारखा फिरायचा. गाडीत बसवला, किल्ली फिरवली, की चूप! चारदा काढला, चारदा बसवला. रफीकभाईंनी अगरबत्ती लावली. गजूनं शिव्या दिल्या. भाऊ शेवटी शेवटी गोठ्यातच जेवायला लागले. एकदा टपावर हात ठेवून हळूच म्हणाले, "एकदा आवाज ऐकव माय. मंग जा कुठं जायचं तं."

मला वाईट वाटलं. मी टॉर्च बंद केला.

*

दसऱ्याला सकाळीच भंगारवाला ट्रक घेऊन हजर! वहिनींनी त्याला ओसरीवर बसवलं आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन गोठ्याकडं निघाल्या.

"भंगारात जाणारी असली तरी दसऱ्याची पूजा चुकवायची नाई," म्हणाल्या.

आम्ही चौघं मयतीला उभं राहावं तसे उभे. वहिनी आत बसल्या. ताट ठेवायला जागा होईना, मधला दांडा आडवा येत होता. "हे काय मधात!" म्हणत त्यांनी तो पार पुढं ढकलला. ताट ठेवलं, स्टेअरिंगला फूल वाहिलं, किल्लीला कुंकू लावलं आणि मोपेडची पूजा झाल्यावर फिरवतात तशी फिरवली.

धडाड्!

गाय दावं तोडून गेली. ओसरीवरची भांडी पडली. गोठाभर निळा धूर, आणि आतून आठही सिलिंडर गर्जताहेत! गजू रफीकभाईंना मिठी मारून रडत होता. भाऊ हलेचनात.

"अहो, बसा ना!" म्हणत वहिनी खाली उतरल्या.

भाऊ बसले. इंजिनाचा तो आवाज ऐकून घाबरले आणि गाडी सुटू नये म्हणून त्यांनी हँडब्रेक खस्सकन मागं ओढला.

गाडी निघाली!

"हँडब्रेक लावा! हँडब्रेक!" गजू ओरडला.

"लावला ना बे! लावला म्हणूनच पळून राह्यली!"

गोठ्यातून अंगण, अंगणातून फाटक, फाटकावरचं झेंडूचं तोरण काचेवर घेऊन गाडी थेट रस्त्यावर. भाऊ डाव्या पायानं जीपचं पेडल दाबत होते, दाबतच होते. घाबरून त्यांनी हँडब्रेक सोडला, म्हणजे दांडा पुढं ढकलला. कर्रर्र झालं आणि गाडी जागच्या जागी थांबली. इंजिन चालूच.

आम्ही धावत पोचलो. भाऊंच्या डोळ्यांत पाणी. "बंद नका करू!" एवढंच म्हणत होते. खरंच होतं ते. सुरू कशी झाली हेच कोणाला ठाऊक नव्हतं, तर बंद केल्यावर परत सुरू कोण करणार? पेट्रोल संपत आलं तसं गजू कॅन घेऊन पळाला. रफीकभाई बॉनेट धरून उभे. मी टॉर्च धरला, भर उन्हात.

तासभर झाला. सगळी गल्ली कानावर हात ठेवून उभी होती. तेवढ्यात वहिनी पदराला हात पुसत आल्या, खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. गाडी बंद! किल्ली काढून कमरेला खोचली.

एकदम सामसूम. भाऊंचा चेहरा पांढरा पडला. मागून भंगारवाला दोर घेऊन पुढं झाला, "मंग वहिनी, चढवू काय?"

"कोनाची गाडी चढवतं रे? आमची?" वहिनी त्याच्यावर कडाडल्या आणि आमच्याकडं वळल्या. "चला जेवाले. पानं वाढली. जेवण झाल्यावर मी करून देईन चालू."