मामंजींनी केलेला अंधार

आज सगळे धडधाकट जेवून झोपायला गेले, ही देवाची कृपा. संध्याकाळी मात्र माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं.

मामंजींनी आयुष्यभर वायरमनचं काम केलं. गल्लीत त्यांना फ्यूजकाका म्हणतात. कसलीही अडचण आली की आधी दिवा लावायचा, हा त्यांचा स्वभावच. दूध नासलं, दिवा लावून बघतील. माझ्या मुलीचं गणित चुकलं तरी म्हणतील, आधी ट्यूब लाव. बसायच्या खोलीत त्यांनी हौसेनं इतके दिवे बसवलेत की सासूबाई तिला विमानतळ म्हणतात. मेन स्विचला मात्र ते कोणाला हात लावू देत नाहीत. गेल्या वर्षी शिडीवरून पडले, मनगटात प्लेट घालावी लागली. अधूनमधून घेरीही येते. आता शिडी बंद, असं डॉक्टरांनी बजावलं आणि माझ्या यजमानांनी ते त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. पण कबूल करणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, असं मामंजींचं मत आहे.

आज हे कामावरून यायच्या आधीच गॅलरीच्या दारातून एक साळुंकी आत शिरली. मामंजींनी खिडक्या सताड उघडल्या, पंखा बंद केला. इथवर सगळं शहाण्यासारखं. मग म्हणाले, तिला वाट दिसत नसेल, आणि खोलीतले झाडून सगळे दिवे लावले. झालं. ती खिडकीकडे ढुंकून बघेना, छताजवळच्या ट्यूबवरच धडका मारू लागली. मी टॉवेल हलवून हाकलायला गेले तर आणखीच बिथरली. शेवटी पडद्याच्या दांडीवर चोच वासून धापा टाकत बसली. आता आणखी एक धडक बसली की ती जाणार, हे आम्हाला दिसत होतं.

मामंजींनी शिडी ओढली. मी आडवी आले, हे येईपर्यंत थांबा म्हटलं.

"तोवर ती राहील का?" एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातला टॉवेल घेऊन चढू लागले.

मी शिडी घट्ट धरली आणि देवाचा धावा सुरू केला. आधी कोणासाठी मागावं तेच कळेना. शिडी थरथरत होती, म्हणजे मामंजीच थरथरत होते.

सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांनी खुर्चीतूनच, आवाज न चढवता सांगितलं, "अहो, बाहेर अजून उजेड आहे. तुमच्या दिव्यांपुढे तिला तो दिसणार कसा? मेन बंद करा."

मी करते म्हटलं, तर वरून लगेच दरडावणी आली, सूनबाईनं मेनला हात लावायचा नाही.

"मग या खाली," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग एकेक पायरी चाचपत उतरले. त्यांचा पाय जमिनीला टेकला तेव्हा कुठे मी शिडी सोडली.

मामंजींनी मेनचा खटका पाडला. घर अंधारलं आणि खिडकीतलं आभाळ एकदम उजळ दिसू लागलं. आम्ही कोणी हललो नाही. दांडीवर जरा खुसफुस झाली, पंख फडफडले आणि साळुंकी खिडकीतून सरळ बाहेर. समोरच्या तारेवर बसून तिनं आम्हाला चार शब्द सुनावले नि उडून गेली.

"जन्मभर लोकांच्या घरी उजेड केला," मामंजी म्हणाले. "अंधार करायला कोणी बोलावलंच नव्हतं."

"मी रोज रात्री बोलावते की," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पेपर खाली ठेवाल तर ना."

मामंजी हसले आणि सासूबाईंच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसले. मीही बसले. थोड्या वेळानं मामंजी मला हळूच म्हणाले, मुलाला शिडीचं सांगू नकोस. मी म्हटलं, देवाला तर सांगून झालंय.

हे आल्यावर मामंजींनी आपणहूनच सगळं सांगितलं. ते ऐकून हे शिडी खांद्यावर घेऊन शेजारच्या सुताराकडे ठेवायला निघाले, तेव्हा मामंजींनी उठून त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.