आधी डोंगर, मग आत्या

आत्याला कुणी "तुमचं नाव?" असं विचारलं, की विचारणाऱ्यानं आधी बसायला जागा शोधावी. नाव यायला अर्धा तास लागायचा. आधी डोंगर यायचा, मग ओढा, मग डोंगरावरचा देव, मग आजे-पणजे, आणि सगळी वरात पुढं गेली की मागं राहिलेल्या म्हातारीसारखं हळूहळू नाव यायचं. कस्टमर केअरच्या एका पोरीनं आत्याचा फोन उचलला तेव्हा ती कुमारी होती, ठेवला तेव्हा तिची सुपारी फुटली होती. यात एक अक्षर खोटं नाही. फोन माझाच होता, बॅटरीही माझीच संपली.

"नाव काय, कालच्या पोरालाबी असतंय," ती म्हणायची. "मानूस कुठनं आलं ते आधी सांगावं."

ती भीमाशंकरच्या अंगाच्या डोंगरातली, महादेव कोळी. पिंपरीच्या एका कॉलेजात आम्ही एमएसडब्ल्यू करत होतो. खरं सांगायचं तर समाजकार्य शिकणाऱ्या आमच्या वर्गाला समाजाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. सगळ्यांना चाकणच्या कंपनीत एचआरला चिकटायचं होतं. समाजासाठी आलेली ती एकटीच, पस्तिशीच्या पुढची. नाव ऐकेपर्यंत थांबायला कुणाला सवड नव्हती, म्हणून वर्गानं तिला परस्पर आत्या करून टाकलं.

दुसऱ्या वर्षी जागतिक आणि स्थानिक समाजकार्याचा पेपर होता. न्यूझीलंडहून एक माओरी, म्हणजे तिथल्या आदिवासी, बाई पडद्यावर शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "आमच्यात ओळख देताना आधी डोंगर सांगतात, मग नदी, मग पूर्वज. नाव शेवटी. चला, सांगा." वर्गाची बोबडी वळली. एका गड्यानं गावाजवळचा कचऱ्याचा डोंगर सांगितला आणि "मॅडम, रोज वाढतो," अशी बढाईही मारली. मला आमच्या चऱ्होलीचा डोंगर सुचेना, म्हणून मी बावीस मजली टॉवर ठोकून दिला; आमच्याच ज्वारीच्या रानात उभा आहे, म्हणजे पूर्वजही त्यातच आले.

मग आत्या उठली. भाषांतराला मला बसवलेलं. ओढा धरणाखाली गेला इथपर्यंत मी कसाबसा आलो आणि तिथं माझं इंग्रजीही बुडालं. पण बाईंना कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला. त्यांचीही नदी अशीच अडवलेली. पुढं तासभर दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या आणि मी मध्ये कोरड्या पाटासारखा पडून. "बाई चांगली हाय," बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "आमच्या वाडीतलीच वाटती."

तिला डिग्री हवी होती ती एका सहीसाठी. डोंगरातल्या मुलींच्या वसतिगृहात ती नऊ वर्षं स्वयंपाकीण होती. भाकरी तिच्या हातात, पण घरी जायची रजा गृहपाल बाईंच्या हातात, आणि बाई रजा देत नसत. पोरी भिंतीवरून उड्या टाकून पळायच्या. एकीचा पाय मोडला. "त्या दिशी ठरवलं," आत्या म्हणाली, "सही आपलीच पायजे." आणि गृहपाल व्हायला एमएसडब्ल्यू लागतं.

घोडं अडलं फील्डवर्कच्या सरांपाशी. आत्याच्या भेटीच्या अहवालात चार पानं आत्या असायची आणि अर्धं पान समोरची बाई. "यात क्लायंट कुठंय? व्यावसायिक अंतर कुठंय?" सर कडाडले.

"हुतं की अंतर, सर. म्हनून तर चालत गेले."

सर म्हणाले, "परवा मी स्वतः येतो. पुन्हा हेच दिसलं तर सही नाही. सही नाही तर परीक्षा नाही."

सरांनी मुद्दाम चाकणची एक बाई निवडली. परभणीकडची, पत्र्याच्या खोलीत राहणारी. नवरा कंपनीत, दहा वर्षांची पोर शाळा सोडून घरात. मी तिला बेचाळीस प्रश्नांची यादी घेऊन तीनदा भेटलो होतो. बेचाळीसही प्रश्नांना एकच उत्तर: "बरं हाय."

आत्या उंबऱ्याशी बसली आणि डोंगरापासून सुरू झाली. सरांनी घड्याळ पाहिलं. मी सरांचं तोंड पाहिलं आणि आत्याच्या परीक्षेवर पाणी सोडलं. डोंगर झाला, ओढा झाला, धरण आलं, आणि बाईनं गॅस बंद केला. "आमच्याकडं डोंगर न्हाई बगा," ती म्हणाली, "नुसतं काळं रान." आणि जी सुटली! रान, विहीर, सासू, आणि शेवटी पोर. शाळेत पोरीची बोली ऐकून वर्ग हसला, तेव्हापासून तिनं दप्तराला हात लावला नव्हता. माझ्या बेचाळिसांत हा प्रश्नच नव्हता.

मग बाई सरांकडं वळली. "आन् तुमचं वो, मास्तर?"

"संत तुकाराम नगर."

"ते पत्त्याचं झालं," आत्या म्हणाली.

सरांनी घसा खाकरला. कोकणातली एक खाडी निघाली, तिच्यातली होडी निघाली, होडीतला आजा निघाला. तिसऱ्या चहाला मी सरांना हाताला धरून बसमध्ये घातलं. भोसरीपर्यंत ते कंडक्टरला खाडीच सांगत होते. अहवालावर सही झाली. खाली लाल शाईत शेरा: 'पर्यवेक्षकाची माहिती जास्त झाली.' पुढच्या सोमवारी आत्या त्या पोरीला घेऊन तिच्या वर्गात गेली आणि डोंगरापासून सुरू झाली. हसायला कुणाला फटच सापडली नाही.

मी ठरल्याप्रमाणे चाकणच्या एका कंपनीत एचआरला चिकटलो. मध्यंतरी वसतिगृहात गेलो, तर आत्या गृहपालाच्या खुर्चीत. समोर एक चिमुरडी: "शेळी व्यायलीय, घरी जायचंय." रजेच्या वहीत कारणाच्या रकान्यात आत्यानं तेच लिहिलं आणि सही ठोकली.

"आत्या, असली कारणं चालतात?"

"चालत्यात की. दोन दिसांत माघारी येती, करडाचं नाव ठिवून. पोरी कुलपाला बगून पळत्यात, लेका. सही बगून कोन पळंल?"

कंपनीत परतलो तर टेबलावर रजेचे बारा अर्ज, नामंजूर करायला मीच ठेवलेले. बाराहींवर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी असेंब्ली लाइनवर नट आवळायचे पाने घेऊन दोघंच उभे, मी आणि प्लांट मॅनेजर. साहेबांनी मला दिलेल्या शिव्या तळेगावपर्यंत ऐकू गेल्या. सोमवारी बाराच्या बारा हजर.

आज तेरावा अर्ज आलाय, साहेबांचा. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: 'आईला चष्म्याचा नंबर काढायला न्यायचंय. दोन वर्षं राहिलंय.'