मागच्या खोलीतला फोन मीच थांबवला

ये बाई, जरा जवळ ये. अशी उंबरठ्यावर टेकल्यासारखी नको बसू. तू तिकडं किती दूर आहेस ते मला ठाऊक आहे, पण मी लिहितानाही समोरच्याला जवळ बसवूनच लिहिते, मला दुसरं जमत नाही. आणि आधी रागावून घेते. मावशीचा फोन आला की उचलायचा नाही, आणि दोन दिवसांनी मेसेजवर नुसता अंगठा पाठवायचा, ही कोणती रीत? अंगठ्यावरून मी काय समजू, बरी आहेस की रुसली आहेस? तुझी लेक आता बसायला लागली असेल, आणि आम्ही इकडं अंगठे पाहत बसलो.

झालं, रागावून झालं. यापुढं जे सांगायचं आहे त्यात रागावायचा हक्क तुझा. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं वाचणं-लिहिणं घरातल्या रद्दीवर आपलं आपण केलं, त्यामुळं माझं लिहिणं जिभेच्या मागं मागं चालतं. इकडं तिकडं गेलं तर सांभाळून घे. पण हे वाच शेवटपर्यंत.

वडशाजवळचं आमचं घर कसं लांबुळकं आहे ते तू पाहिलंच आहेस. पुढं ओसरी, मग टीव्हीची खोली, मग स्वयंपाकघर, आणि अंगण ओलांडून मागची खोली, जिथं धानाचे कट्टे, भरलेली पोती ठेवतो. भिंती मातीच्या, हातभर जाड. माझ्या मुलानं इंटरनेट घेतलं तेव्हा ते ओसरीवर धो धो यायचं आणि चुलीपर्यंत पोचेपर्यंत थेंब थेंब व्हायचं. म्हणून त्यानं तीन पांढरे डबे आणले. त्याला मेश म्हणतात. वायफाय एकच, पण तीन ठिकाणांहून घरभर पसरणारं. एक डबा ओसरीवर, एक टीव्हीपाशी, एक मागच्या खोलीत कट्ट्यांच्या वर.

ते सांभाळायच्या दोन तऱ्हा त्यानं मला शिकवल्या. पहिली लॅपटॉपवरची. त्याचा जुना लॅपटॉप उघडायचा, ब्राउझरमध्ये वर पट्टीत टिंबाटिंबांचा नंबर टाकायचा, पासवर्ड टाकायचा, मग एक रुक्ष पान उघडायचं, सगळं इंग्रजी, रकानेच रकाने. तो नंबर मी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला होता. चष्मा शोधा, खुर्ची ओढा, लॅपटॉप चालू व्हायची वाट पाहा. एकदा शेजारच्या घरातून कोणी आपलं वायफाय वापरतंय असं वाटून मी तणतणत बसले होते, पण पान उघडेपर्यंत माझा राग ओसरला आणि मी लॅपटॉप मिटून भाजी निवडायला गेले.

दुसरी तऱ्हा ॲपची. ते माझ्या फोनातच. उघडलं की रंगीत गोल गोल दिसतात, कोणत्या डब्याला कोणाचा फोन लागला आहे ते नावासकट. आणि प्रत्येक नावापुढं एक बटण, त्यावर बोट ठेवलं की त्या फोनचं नेट थांबतं. विचारत नाही, वाट पाहत नाही. मुलगा म्हणाला होता की रोजच्याला ॲप बरं, पण मुळातलं सगळं ब्राउझरच्या पानावरच दिसतं, तेही अधूनमधून पाहत जा. मी कशाला पाहते? ॲप आल्यापासून लॅपटॉपवर धूळ बसली.

खरं सांगते, मला त्याचा गर्व झाला होता. माझ्या वयाच्या बायका फोन नातवाच्या हातात देतात, आणि मी घरबसल्या सांगायची, ओसरीवर कोण नेट वापरतंय आणि टीव्हीपाशी कोण. माझी जाऊ मला टोमणा मारायची, "बाई आता पोलीस ठाण्यात बसल्यावाणी बसते." मला तोही टोमणा गोडच लागायचा.

मग आली मंडई. धान निघालं की आपल्याकडं गावोगावी मंडई भरते, दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि ज्या गावची मंडई त्या गावात घरोघरी पाहुणे. त्या दिवशी पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं. ज्याला तू वर्षभर ओळखत नाहीस तोही ताटावर बसला तर वाढायचं. त्यात आताचे पाहुणे आले की पाण्याआधी पासवर्ड विचारतात. मी तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ओसरीच्या भिंतीला चिकटवून दिला. विचारायची कटकट नको.

तुझी आई दुपारच्या बसनं आली. मला वाटलं नाटकाला आली. ती काही बोलली नाही, आणि बोलेल तरी कशी? तू आपल्या मनानं लग्न केलंस तेव्हा ती दोन वर्षं तुझ्याशी बोलली नाही, आणि तिला समजवायचं सोडून मीच तेव्हा आगीत तेल ओतलं होतं. मग माझ्यापुढं ती कोणत्या तोंडानं सांगणार, की आज लेकीनं बाळाचं बारसं ठेवलं आहे आणि चार वाजता व्हिडिओवर बाळ दाखवणार आहे? तिच्या गावात इंटरनेट चालत नाही. तिचा फोन बटणांचा. तुझ्या काकाच्या मुलीनं तिला आपला जुना फोन दिला होता, सिम नसलेला, नुसत्या वायफायवर चालणारा, आणि व्हिडिओ त्यावरच कर असं तुला कळवलं होतं. म्हणजे तुझी आई नाटकासाठी नव्हती आली. ती माझ्या घरी वायफायसाठी आली होती. हे मला नंतर कळलं.

मला एवढंच म्हणाली, "बाई, मी मागच्या खोलीत जराशी पडते." मी म्हटलं, पड.

चारच्या सुमारास टीव्हीच्या खोलीत दहा-बारा बाया बसल्या होत्या. मी त्यांना मोठ्या टीव्हीवर कुठल्याशा गावच्या दंडारीचा व्हिडिओ दाखवत होते, आणि तो अडकायला लागला. नाचणाऱ्याचा एक पाय वर तो वरच. बाया हसल्या. जाऊ म्हणाली, "काय वं बाई, तुह्या तीन डब्यायपेक्षा आमचा एक डबा बरा." मला ते लागलं. पोरं ओसरीवर आपापले फोन धरून बसली होती, तिथं जाऊन तोंडानं म्हणायचं होतं की बाबांनो, जरा वेळ बंद करा. पण मंडईच्या दिवशी पाहुण्याला बंद करा म्हणायचं कसं? लोक काय म्हणतील, जेवायला बोलावते आणि नेट द्यायला जीव खालीवर होतो. म्हणून मी पदराखाली फोन घेतला, ॲप उघडलं आणि एकेक नाव थांबवत गेले. कोणाला कळत नव्हतं. ओसरीवरून एकजण ओरडला की नेट गेलं, मी इथून म्हटलं, जात असते रे कधी कधी.

शेवटी एक नाव राहिलं. नाव कसलं, नुसती अक्षरं आणि आकडे, आणि ते लागलं होतं मागच्या खोलीच्या डब्याला. अनोळखी. माझ्या मनात आलं की मागच्या खोलीत तर बहीण झोपली आहे, तिच्याकडं असा फोन नाही. उठून पाहावं. वीस पावलं अंगण. पण टीव्हीवर पाय वर तो वरच होता आणि बाया पाहत होत्या. मी नाही उठले. बोट ठेवलं.

पाय खाली आला. दंडार सुरू झाली. बाया म्हणाल्या, वा.

फोनवर काय दिसलं ते तुझ्या आईनं मला नंतर सांगितलं. तुझा चेहरा दिसला, मागं तुझी सासरची माणसं, पाळण्याला फुलं. तू म्हणालीस, आई, पाहा. आणि बाळाला पुढं केलंस, आणि तेवढ्यात सगळं थांबलं. तुला वाटलं असणार, आईनं मुलगी पाहिली आणि फोन कापला.

पंधरा-वीस मिनिटांनी तुझी आई अंगणातून आली. फोन दोन्ही हातांनी धरला होता, भरलेली वाटी धरावी तसा. तोंड उतरलेलं. मला बायांतून उठवून स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "पाहून दे न बाई हा फोन. माह्या हातानं काई दाबलं गेलं वाटते."

मी फोन हातात घेतला आणि मला समजलं. ॲप तर माझ्याच कमरेला खोचलेल्या फोनात होतं. मी तिच्याकडं पाठ केली, चुलीच्या बाजूला वळले, माझ्या फोनवर ते अक्षर-आकड्यांचं नाव परत सुरू केलं, मग तिच्या फोनवर उगीच दोन ठिकाणी बोट फिरवलं आणि म्हटलं, "घे, झालं. मंडईच्या दिवशी असंच होते, सगळं गाव नेटवर असते."

ती म्हणाली, "तुले सगळं समजते, बाई."

हे वाक्य मी अजून पचवलेलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं तुला किती वेळा लावला ते तुला माहीत आहे. तू उचलला नाहीस. त्या स्वयंपाकघरात, वड्याच्या पिठाच्या परातीपाशी बसून तिनं मला सगळं सांगितलं, बारसं, पाळणा, दोन वर्षांचं न बोलणं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्याच हातानं. तेव्हा सांगता आलं असतं. बाहेर बाया होत्या म्हणून नाही सांगितलं, असं मी मनाला म्हणत राहिले. बाया गेल्या, पाहुणे गेले, तुझी आईही दुसऱ्या दिवशी गेली, तरी नाही सांगितलं. ॲपमध्ये आता त्या गोष्टीची खूणही नव्हती. सगळे गोल रंगीत, सगळे सुरू. मला वाटलं, आपल्याशिवाय कोणाला ठाऊक आहे.

तुझी आई पुढं फोनला हात लावेना. तो जुना फोन तिनं परत करून टाकला. कोणी म्हटलं की लेकीला लाव, तर म्हणायची, माझ्या हाताला यश नाही. आणि ते मी ऐकत होते.

महाशिवरात्रीला, मार्कंड्याच्या जत्रेच्या सुमारास मुलगा घरी आला. आल्या आल्या लॅपटॉपवरची धूळ पुसली आणि ब्राउझरमध्ये ते पान उघडलं. मी बाजूला तांदूळ निवडत होते. तो स्वतःशीच वाचत होता, आणि मग म्हणाला, "आई, मंडईच्या दिवशी मागच्या खोलीतला एक फोन तू काऊन थांबवला होता?"

मी म्हटलं, पाहुण्यांपैकी कोणी केलं असेल.

तो म्हणाला, नाही, तुझ्याच फोनवरून आहे, इथं लिहिलेलं आहे, किती वाजता थांबवला आणि किती वाजता सोडला. त्यानं पान माझ्याकडं वळवलं. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण आकडे येतात. आणि माझ्या फोनचं नावही येतं, ते त्यानंच ठेवलं होतं. नाव होतं 'आई'. त्या रुक्ष पानानं सगळं जपून ठेवलं होतं. बहिणीनंतर मी मुलापुढंही खोटं बोलले होते आणि त्यानं ते पकडलं होतं. मला तांदळातला खडा दिसेना.

मग मी त्याला सांगितलं. तो रागावला नाही. एवढंच विचारलं की मावशीला माहीत आहे का. मी नाही म्हणून मान हलवली. तो लॅपटॉप मिटून अंगणात गेला. आपल्या मुलाला आपल्यासमोर बसवेना, हे फार वाईट असतं, बाई.

चौथ्या दिवशी मी बसनं तुझ्या आईच्या गावी गेले. वाटेत दहा वेळा वाक्य जुळवलं. ती मोहाची फुलं वाळत घालत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, टीव्हीवरच्या पायापासून ते चुलीकडं पाठ करण्यापर्यंत. तिनं ऐकलं. फुलं पसरणं थांबवलं नाही. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल, आणि मी त्याचीच वाट पाहत होते.

मग तिनं वर पाहिलं. "म्हणजे माह्या हातानं काईच दाबलं गेलं नवतं?"

मी म्हटलं, नाही.

तिनं आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले. मग पदरानं डोळे पुसले आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला. राग नाही, काही नाही. इतके महिने ती स्वतःला दोष देत होती, आणि तो दोष तिच्या डोक्यावरून उतरला, यातच ती इतकी सुखावली की माझ्यावर रागवायचंही तिला सुचलं नाही. तो चहा मी कसा प्याले ते मला माहीत. मी म्हटलं, आता तू लेकीला फोन कर, माझ्या फोनवरून कर. ती म्हणाली, "तिले तूच सांग. मी सांगीन त तिले वाटंल, आई कारण सांगून राह्यली."

म्हणून मी सांगते आहे. तुझ्या आईनं फोन कापला नाही. तुझ्या लेकीचा चेहरा तिनं अजून नीट पाहिलेला नाही, फक्त एक कुंची दिसली म्हणते, पिवळी होती का? पिवळी होती असं ती सांगते. फोन मी थांबवला, पाहुण्याला तोंडानं दोन शब्द म्हणायची लाज वाटली म्हणून, बायांसमोर मान राहावा म्हणून. आणि नंतर त्याहून मोठी लाज वाटली म्हणून गप्प बसले. माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेव, तिच्यावरचा काढून घे.

ॲप मी फोनातून काढून टाकलं आहे. काही पाहायचं असलं तर आता चष्मा लावून, खुर्चीवर बसून ते पान उघडते. वेळ लागतो, लागू दे.

माफ कर असं मी फोनवर म्हणणार नाही. मध्येच काही थांबलं तर तुला पुन्हा वेगळंच वाटायचं. तू ये. लेकीला घेऊन ये, जावईबापूंनाही आण. मंडईची वाट पाहू नको, तोवर ती चालायला लागेल. तुझ्या आईला मी आधीच आणून ठेवीन, मागच्या खोलीतले कट्टे हलवून तिथं खाट टाकीन. मले काय म्हणायचं असंल ते समोर बसून म्हणजो. पण लवकर येजो, माय.