न वाचलेला पंचनामा

बरकतपुऱ्यातले लक्ष्मणराव म्हणजे मोठे सहीबहाद्दर. सोसायटीचा अर्ज असो की शेजाऱ्याच्या कागदावर साक्ष, ‘आणा इकडं’ म्हणायचं आणि देवनागरीत ठसठशीत सही ठोकायची. तेलुगू बोलायचे फाडफाड, वाचायला मात्र एक अक्षर येत नव्हतं. शाळा मराठी, पुढचं काम उर्दूत. अडलं कुठं कधी?

अडलं नाही, म्हणूनच तर घोटाळा झाला. सत्तावीस वर्षांपूर्वी ते जंगलपट्टीत बिडीपत्त्याच्या कंत्राटदाराकडे मुनीम होते. नक्षलवादी आणि पोलिसांची लढाई तेव्हा ऐन भरात होती. चकमकीत कुणी मेला की पंचनाम्याला पंच लागायचा, आणि फौजदार हटकून लक्ष्मणरावांनाच बोलवायचा. त्यांना वाटायचं, आपला केवढा मान! मान कसला, डोंबल! वाचता न येणारा पंच पोलिसांना दुसरा कुठं मिळणार होता?

यंदा मार्चमध्ये राजव्वा दारात उभी राहिली. तिचा मुलगा मल्लेश अशाच एका चकमकीत गेला होता. त्या जुन्या चकमकींच्या चौकशीसाठी आता आयोग बसला होता, आणि पंचनाम्याची नक्कल तिच्या पिशवीत होती.

“सारू, तुम्ही तिथं होतात. माझ्या पोराच्या हातात बंदूक होती?”

नक्कल वाचली नातीनं, तेजश्रीनं. तिला तेलुगू येतं, मराठी वाचता येत नाही.

“मयताच्या उजव्या हातात बंदूक होती, ती आम्ही समक्ष पाहिली,” तिनं वाचलं. “आणि आजोबा, खाली हे मराठीत काय लिहिलंय?”

“माझं नाव.”

शरमेनं त्यांना मान वर करवेना. त्यांनी पाहिले होते ते मल्लेशचे दोरीनं पाठीमागे बांधलेले हात. ‘दोरीचं लिहिलं ना?’ असं त्यांनी तेव्हा विचारलंही होतं. ‘हौ हौ, सब लिखा,’ फौजदार म्हणाला होता. आणि यांनी सही ठोकली होती.

“आता कायकू उकरता?” आयोगापुढं जातो म्हणताच सुशीलाबाई नवऱ्यावर कडाडल्या. “तेव्हा तोंड शिवलं होतं का?”

शिवलं होतं, म्हणूनच तर ते आयोगापुढे गेले. मागच्या बाकावर राजव्वा बसली होती. लक्ष्मणरावांनी दोरीसकट सगळं सांगितलं. कारकुनानं लिहून घेतलं आणि कागद पुढं सरकवला. कागद तेलुगूत होता.

“दोरीचं लिहिलं ना?”

“सगळं लिहिलंय. करा सही.”

लक्ष्मणरावांचा हात थांबला. “माझी नात बाहेर बसलीय. ती वाचेल, मग करतो.”

“बाहेरच्यांना आत सोडत नाहीत,” जबानी घेणारा आयोगाचा अधिकारी म्हणाला. “मी वाचून दाखवू?”

“वाचणारेही तुम्हीच, लिहिणारेही तुम्हीच. नको.”

जन्मात पहिल्यांदा त्यांनी सही न करता पेनाला टोपण लावलं. अधिकाऱ्यानं घड्याळाकडं पाहिलं आणि कारकुनाला शेरा सांगितला, “साक्षीदाराचा सहीस नकार. जबानी रद्द. मूळ पंचनामा कायम.”

राजव्वा बाकावरून उठली. रडली नाही. लक्ष्मणरावांपुढं येऊन एवढंच म्हणाली, “तेव्हा तर न वाचताच केली होती, सारू.”